दात व्हाइटनिंग करताय? मग सेन्सिटिव्हिटीची तयारी पंधरा दिवस आधी सुरू करा

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि दादरच्या आमच्या दवाखान्यातला फोन वाजायला लागतो, मॅडम शनिवारी साखरपुडा आहे, शुक्रवारी दात पांढरे करून मिळतील का. मी तिथे डेंटल असिस्टंट आहे, डॉक्टर नाही, पण खुर्चीच्या बाजूला उभं राहून सक्शन धरणं, व्हाइटनिंगच्या ट्रेसाठी दातांचं माप घेऊन झाल्यावर त्याचं मॉडेल ओतणं आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी येणारे घाबरलेले फोन उचलणं ही सगळी माझी कामं. त्या फोनवर जे रोज सांगते ते इथे सविस्तर लिहितेय, कारण बहुतेकांना सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे दात शिवशिवण्याचा आणि कळा येण्याचा, जो त्रास होतो तो थोडी आधी तयारी केली असती तर निम्म्यावर आला असता, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

तर शुक्रवारी व्हाइटनिंग आणि शनिवारी साखरपुडा हे करू नका. दात पांढरे होतील, पण जेवणानंतर आइस्क्रीम समोर आलं की नवरी गालावर हात ठेवून बसेल. कार्यक्रमाच्या तारखेपासून मागे मोजा, साधारण सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा. त्यात आधी तपासणी आणि क्लीनिंग, मग दोन आठवडे सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट, मग दोन-तीन आठवडे प्रत्यक्ष व्हाइटनिंग, आणि शेवटचा आठवडा-दोन आठवडे पूर्ण मोकळे, म्हणजे कळा थांबतात आणि रंगही स्थिर होतो.

पहिला प्रश्न हा की तुम्हाला व्हाइटनिंग लागणार आहे का. खूप जणांना लागतच नाही. दातावर वरून चढलेला रंग वेगळा आणि दाताच्या आतला रंग वेगळा. चहा, कॉफी, पान, तंबाखू, मशेरी, सिगारेट, लोहाचं पातळ टॉनिक, आणि हो, हिरड्यांसाठी दिलेला क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश, तो डॉक्टर थोडे दिवस घ्यायला सांगतात आणि लोक महिनोन् महिने घेत राहतात आणि मग म्हणतात दात तपकिरी का झाले. हे सगळे डाग कीटणाबरोबर स्केलिंग-पॉलिशिंगमध्ये, म्हणजे क्लीनिंगमध्ये, निघतात. क्लीनिंगने दात हलायला लागतात असं आपल्याकडे अजून घरोघरी म्हणतात, तसं काही होत नाही, कीटण हिरडीत घुसून हाड आधीच खाल्लेलं असतं आणि वरचा थर निघाल्यावर ते कळतं एवढंच. क्लीनिंग झाल्यावर आरशात बघून, अरे एवढं पुरे की, असं म्हणणारे पेशंट आमच्याकडे भरपूर आहेत, आणि आमच्या डॉक्टर मॅडमना तसं म्हणणारा पेशंट जास्त आवडतो.

आतला पिवळेपणा मात्र घासून जात नाही. दाताचं वरचं आवरण म्हणजे इनॅमल, ते थोडं पारदर्शक असतं आणि त्याच्याखालचं डेंटिन मुळातच पिवळसर असतं. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, डेंटिन जाड आणि गडद होतं, म्हणून चाळिशीनंतर दात पिवळे दिसायला लागतात, त्यात तुमच्या स्वच्छतेचा काही दोष नाही. असा पिवळा रंग व्हाइटनिंगने छान उजळतो. राखाडी रंग हट्टी असतो. लहानपणी, आठ वर्षांच्या आत, टेट्रासायक्लिन नावाचं अँटिबायोटिक दिलं गेलं असेल तर दातांवर राखाडी-तपकिरी आडवे पट्टे येतात, त्यांना काही महिने लागतात आणि तरी पूर्ण जातीलच असं नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यामुळे तिकडे वाढलेल्यांच्या दातांवर पांढरे-तपकिरी ठिपके असतात, मुंबईत महापालिकेचं पाणी तलावांचं असल्यामुळे इथे वाढलेल्यांत ते फार दिसत नाही. या ठिपक्यांचा उपचार वेगळा असतो, नुसतं ब्लीच, म्हणजे व्हाइटनिंग, केलं तर सुरुवातीला पांढरे ठिपके उलट उठून दिसतात. आणि पुढचा एकच दात काळपट झाला असेल, लहानपणी पडून मार लागला होता वगैरे, तर त्याची नस मेलेली असण्याची शक्यता असते, त्याला आधी एक्स-रे, बहुतेक वेळा रूट कॅनल, आणि मग दाताच्या आतून ब्लीच. त्यासाठी सगळ्या दातांना जेल लावण्यात अर्थ नाही.

अजून एक, कॅप, व्हिनिअर (दातावर पुढून चिकटवलेली पातळ चकती) आणि दातात भरलेलं पांढरं सिमेंट यांचा रंग व्हाइटनिंगने बदलत नाही. पुढच्या दातात फिलिंग असेल तर आजूबाजूचा दात उजळेल आणि फिलिंग पिवळं राहील. ते बदलायचं तर व्हाइटनिंगनंतर, आणि लगेच नाही, साधारण दोन आठवडे थांबून, कारण व्हाइटनिंगच्या जेलमधून सुटून दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे नवीन फिलिंग नीट चिकटत नाही, शिवाय रंग स्थिर झाल्याशिवाय मॅचिंग कशाशी करणार. सहा-आठ आठवडे धरा म्हणते ते यासाठीही.

आता हे कशामुळे दुखतं ते सांगते, कारण ते कळलं की भीती निम्मी जाते. व्हाइटनिंगच्या जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. कार्बामाइडमधूनही शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडच सुटतं, 10 टक्के कार्बामाइड म्हणजे साधारण 3.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असा हिशेब. हे रेणू इतके लहान असतात की इनॅमल आणि डेंटिनमधून आत शिरतात, आतले रंगाचे मोठे रेणू फोडतात आणि दात उजळ दिसतो. पण ते तिथेच थांबत नाहीत, पाच ते पंधरा मिनिटांत नसेपर्यंत पोचतात. नस थोडी चिडते, तिथे तात्पुरती सूज येते. शिवाय डेंटिनमध्ये बारीक बारीक नळ्या असतात, त्यातलं पाणी थंड लागल्यावर हललं की नसेला ते जाणवतं. म्हणून एकदम काहीही न खाता-पिता, नुसतं बसल्या बसल्यासुद्धा एखाद्या दातात सणकन कळ जाते, दोन सेकंदांत थांबते आणि थोड्या वेळाने दुसऱ्याच दातात येते. बहुतेकदा खालच्या-वरच्या पुढच्या दातांत. फोनवर लोक हेच सांगतात, ताई दात सडला की काय. सडलेला नाही. ही चिडचिड बहुतेकांची दोन दिवसांत कमी होते, काहींना आठवडा लागतो, आणि कायमची राहत नाही, जर दात मुळात निरोगी असतील तर.

आणि हा "जर" फार महत्त्वाचा आहे. कीड लागलेला दात, तडा गेलेला दात, कडेने उघडलेलं जुनं फिलिंग, यांत पेरॉक्साइडला आत जायला सरळ रस्ता मिळतो. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं असेल तर तेही तसंच, मुळावर इनॅमल नसतंच, त्यामुळे ते पांढरंही होत नाही आणि दुखतं मात्र सगळ्यात जास्त. आरशासमोर उभं राहा, ओठ वर करा आणि दाताला हिरडीजवळ नख लावून बघा, खाच लागते का. कडक ब्रश घेऊन आडवं खसाखसा घासणाऱ्यांना ती हमखास असते, आणि डाव्या बाजूला जास्त असते कारण उजव्या हाताने घासताना तिथे जोर जास्त पडतो. अशी खाच आधी भरून घ्यायची. अ‍ॅसिडिटीने घशाशी आंबट येणाऱ्यांनीही डॉक्टरना ते सांगायचंच, त्यांचे दात आतल्या बाजूने झिजलेले असू शकतात. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर सध्या नको, थांबा. 18 वर्षांखालच्या मुलामुलींनाही नको, त्यांची नस मोठी असते, युरोपात तर 18च्या आत पेरॉक्साइडचे असे प्रॉडक्ट वापरायला कायद्यानेच मनाई आहे.

पार्लरमध्ये किंवा मॉलमध्ये खुर्ची टाकून कोणी वीस मिनिटांत दात पांढरे करून देतो म्हणालं तर कृपा करून बसू नका. हे मी धंद्यासाठी म्हणत नाहीये. आमच्याकडे एक मुलगी आली होती तिची सगळी हिरडी पांढरी पडून सोलली होती, हिरडी झाकणारा बॅरियर न लावताच जेल लावलेलं, आणि दोन दातांत कीड होती ती कोणी बघितलीच नाही. दात तपासायला कायद्याने नोंदणी झालेला डॉक्टर लागतो, आपल्याकडे ती नोंदणी महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलची असते, दवाखान्यात भिंतीवर सर्टिफिकेट असतं, बघा, विचारा, त्यात संकोच कसला. खाजगीत परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलला नायर डेंटल कॉलेज आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, सकाळी ओपीडीला लवकर जायचं, वेळ काढून जायचं, क्लीनिंग आणि तपासणी तरी तिथे नक्की करून घ्या.

आता दोन रस्ते. एक दवाखान्यात खुर्चीवर, 25 ते 40 टक्क्यांचं स्ट्राँग जेल, हिरडीवर रबरासारखा बॅरियर, पंधरा पंधरा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या, तास-दीड तासात काम. दुसरा घरी, तुमच्या दातांच्या मापाचा पातळ पारदर्शक ट्रे, त्यात 10 टक्के कार्बामाइडचं जेल, रात्री झोपताना लावायचं, दोन आठवडे. ही घरच्या ट्रेची पद्धत 1989 मध्ये अमेरिकेतल्या हेवूड आणि हायमन या दोन डेंटिस्टनी प्रसिद्ध केली आणि आजपर्यंत ती टिकून आहे. माझं मत स्पष्ट आहे, वेळ असेल तर ट्रे. जेल सौम्य असल्यामुळे त्रास कमी, झाला तरी तुमच्या हातात असतं, आज लावू नका, उद्या लावा. खुर्चीवर एकदा स्ट्राँग जेल लागलं की जे व्हायचं ते रात्री होणारच. आणि तो निळा लाइट, त्याचं लोकांना फार आकर्षण असतं, पण जेलच काम करत असतं, लाइट लावला न लावला तरी काही आठवड्यांनी रंगात फारसा फरक राहत नाही, उष्णतेमुळे कळा वाढू शकतात ते वेगळंच. खुर्चीवरून उठल्यावर जो एकदम चकचकीत पांढरा दिसतो त्यातला थोडा भाग दात सुकल्यामुळे असतो, दोन-चार दिवसांत लाळेने दात परत ओले झाले की एखादी शेड, म्हणजे रंगाची एक पायरी, खाली येते. तेव्हा लगेच फसवलं म्हणून फोन करू नका, ते असंच असतं.

शेडवरून आठवलं, सुरुवात करायच्या आधी शेड बघून घ्या आणि लिहून ठेवा. आमच्याकडे व्हिटा कंपनीची शेड गाइड आहे, धातूच्या पट्टीवर चिनी मातीचे सोळा छोटे दात अडकवलेले असतात, A1, A2 असं प्रत्येकावर लिहिलेलं. मॅडम पेशंटला खुर्चीतून उठवून खिडकीपाशी नेतात, लिपस्टिक पुसायला लावतात आणि दिवसाच्या उजेडात एक एक दात ओठाखाली धरून बघतात, ट्यूबलाइटखाली कधीच नाही. त्याच खिडकीपाशी मी मोबाइलवर फोटो काढते. हे का सांगतेय, तर रंग रोज हळूहळू बदलतो आणि डोळ्याला कळत नाही, मग लोकांना वाटतं काहीच झालं नाही आणि ते सांगितल्यापेक्षा जास्त जेल, जास्त तास लावत बसतात, आणि तिथून कळा सुरू होतात. त्यापेक्षा आधी फक्त वरच्या दातांना करा, खालचे नंतर. फरक समोर दिसतो, आणि दुखलं तरी निम्म्याच तोंडात दुखतं.

आता तयारी. क्लीनिंग झाल्यावर केमिस्टकडून सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आणा, पण खोक्याच्या मागचं बारीक वाचून आणा, 5 टक्के पोटॅशियम नायट्रेट लिहिलेलं हवं. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या सेन्सिटिव्ह पेस्टमध्ये वेगवेगळं औषध असतं म्हणून नाव बघून घेऊ नका, घटक बघा. पोटॅशियम नसेभोवती साठत जातं आणि नसेला शांत ठेवतं, म्हणून ही पेस्ट एका दिवसात काम करत नाही, दोन आठवडे सकाळ-रात्र न चुकता लागते. दुखायला लागल्यावर पेस्ट आणली तर उशीर झाला. मऊ ब्रश घ्या, दोन मिनिटं घासा, फेस थुंकून टाका आणि खळखळून चूळ भरू नका. हे सगळ्यांना विचित्र वाटतं, आपल्याला तांब्याभर पाण्याने तोंड धुतल्याशिवाय दात घासल्यासारखं वाटत नाही, पण धुवून टाकलं तर औषध बेसिनमध्ये जातं. रात्री तर थुंकून तसंच झोपा. या दोन आठवड्यांत व्हाइटनिंगची पेस्ट, कोळशाची पेस्ट, लाल मंजन, राखुंडी सगळं बंद.

ट्रे कसा वापरायचा ते नीट वाचा. ब्रश आणि फ्लॉस (दातांच्या फटींतून दोरा फिरवणं) करून घ्या. फ्रिजमध्ये ठेवलेलं जेल थोडा वेळ आधी बाहेर काढा, गार जेल दातावर ठेवलं तर तिथेच पहिली कळ. ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा थेंब, बास. मागच्या दाढांना लागत नाही, हसताना दिसतात तेवढ्याच दातांना. ट्रे बसवा, बोटाने हलकं दाबा आणि कडेने जे जेल हिरडीवर बाहेर येईल ते कोरड्या ब्रशने किंवा कापसाने पुसून काढा. हे पुसणं विसरू नका. हिरडीवर जेल राहिलं की ती पांढरी पडते आणि झोंबते, घाबरायचं नाही, पाण्याने धुवा, सौम्य जेल असेल तर काही तासांत ते एखाद-दोन दिवसांत मूळ रंग येतो, पण पुन्हा पुन्हा झालं तर ट्रेची कड कापून घ्यायला दवाखान्यात या. ट्रे घालून काही खायचं-प्यायचं नाही. सकाळी काढा, दात धुवा, ट्रे साध्या गार पाण्याने धुवा, गरम पाण्यात टाकलात तर तो वाकडा होतो आणि मग जेल गळतं.

रात्रभर ठेवणं जमत नसेल, किंवा पहिल्याच रात्री दात शिवशिवले, तर दोन तास ठेवून काढा, पहिल्या दोन तासांतच निम्म्याच्या आसपास काम होतं. मग एक दिवस आड करा. दोन आठवड्यांचे चार आठवडे लागले तरी शेवटी रंग तोच येतो, हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते कारण लोकांना वाटतं एक रात्र चुकली म्हणजे सगळं वाया गेलं. काही वाया जात नाही. ज्या रात्री जेल लावायचं नाही त्या रात्री त्याच ट्रेमध्ये पोटॅशियम नायट्रेटचं डिसेन्सिटायझिंग जेल घालून दहा ते तीस मिनिटं ठेवा, ते मिळत नसेल तर तीच सेन्सिटिव्ह पेस्ट पातळ थर देऊन चालते, आमच्याकडे बऱ्याच जणांचं यावरच भागतं. कोणाकोणाच्या हिरडीला पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने झोंबतं, तसं झालं तर लगेच काढा.

आता कळा आल्याच तर. व्हाइटनिंग त्या दिवशी थांबवा, हे पहिलं. थंड आणि खूप गरम दोन्ही बंद, पाणी कोमट प्या, फ्रिजची बाटली काही दिवस विसरा, उन्हाळा असेल तर माठाचं पाणीसुद्धा आधी थोडं तोंडात धरून बघा. सेन्सिटिव्ह पेस्ट बोटावर घेऊन दुखऱ्या दातांवर हिरडीच्या कडेला चोळा आणि तशीच राहू द्या. एसी लोकलने जात असाल तर वरून येणारा गार झोत थेट तोंडावर येतो, साध्या लोकलच्या दारात उभं राहून तोंडाने श्वास घेतलात तरी तेच, तेव्हा तोंड मिटून नाकाने श्वास घ्या, नाहीतर रुमाल किंवा मास्क लावा. खूप साधी गोष्ट आहे पण यानेच ऑफिसला जाणाऱ्यांना सगळ्यात जास्त आराम पडतो. जास्त दुखलं तर पॅरासिटामॉल चालते. काही डॉक्टर आयबुप्रोफेन देतात, ती मात्र विचारूनच घ्या, अ‍ॅसिडिटी, दमा, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी तर नाहीच, आणि मुंबईत पावसाळ्यात अंगात ताप असताना आयबुप्रोफेन अजिबात नको, डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तरीही राहिलं नाही तर दवाखान्यात फ्लोराइड वार्निश, म्हणजे फ्लोराइडचा पातळ लेप, लावून देतात, पाच मिनिटांचं काम आहे. दुधातल्या प्रोटीनपासून केलेलं कॅल्शियम-फॉस्फेटचं क्रीमही देतात, ज्यांना दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ते आधी सांगायचं.

लवंगेचं तेल घरी असतंच आणि आजी लगेच कापसाचा बोळा घेऊन येते. तिचं प्रेम खरं आहे, पण इथे त्याचा उपयोग नाही. लवंगेचं तेल किडीच्या खड्ड्यात बधिरपणा आणतं, इथे खड्डा नाही, दुखणं आत नसेत आहे, आणि निव्वळ तेल आधीच नाजूक झालेल्या हिरडीला पोळतं. कोमट मिठाच्या पाण्याची चूळ मात्र हिरडीला बरी वाटते, खुशाल भरा.

लिंबू आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण, मोबाइलवर रोज कोणीतरी दाखवत असतं, याबद्दल मला अगदी तळमळीने सांगायचंय. स्वयंपाकघरात पांढऱ्या संगमरवरी ओट्यावर लिंबाची फोड पालथी ठेवून विसरलात तर तिथे जो कायमचा निस्तेज डाग पडतो, तेच दाताला होतं. आम्ल इनॅमल विरघळवतं, आणि इनॅमल परत उगवत नाही. वरून खरखरीत सोड्याने किंवा कोळशाने घासलं की मऊ पडलेला थर निघून जातो, दोन दिवस दात स्वच्छ वाटतात आणि मग खालचं पिवळं डेंटिन जास्तच दिसायला लागतं. म्हणजे पांढरे करायला गेलात आणि कायमचे पिवळे आणि शिवशिवणारे करून बसलात. त्या दातांवर पुढे व्हाइटनिंग करायचं म्हटलं तर डॉक्टरच तयार होणार नाहीत.

खाण्यापिण्याचं. खुर्चीवरचं व्हाइटनिंग झाल्यावर पहिले एक-दोन दिवस रंगाचे आणि आंबट पदार्थ टाळा, दोन कारणं, दातावरचा लाळेचा पातळ थर गेलेला असतो आणि आंबटाने कळा वाढतात. आंबटच जास्त सांभाळा खरं तर. पाणीपुरी, कैरी, पन्हं, लिंबू सरबत, सोडा, कोकम, काला खट्टा गोळा, यांत आंबट, थंड आणि रंग सगळं एकत्र येतं. सोलकढी आवडते ना, मलाही, पण आठवडाभर नको. वरण-भात, दहीभात फ्रिजमधलं नसलेल्या दह्याचा आणि तेही आंबट नसलेल्या, इडली, उपमा, उकडलेला बटाटा, केळं, पनीर, पापलेटचा रस्सा नको पण तव्यावरचं हळद-तिखट कमी घालून चालेल. हळद दातापेक्षा ट्रेला आणि फिलिंगला जास्त धरते. आंबट काही खाल्लंच तर लगेच ब्रश करू नका, पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास जाऊ द्या.

चहा सोडा असं मी कोणाला सांगत नाही, सोडणार कोण आहे. दूध घातलेला चहा कोऱ्या चहापेक्षा कमी डाग पाडतो, दुधातलं प्रोटीन चहातल्या टॅनिनला, म्हणजे डाग पाडणाऱ्या द्रव्याला, धरून ठेवतं. लेमन टी मात्र दोन्हीकडून मार आहे. कटिंग घ्या, वाफ गेल्यावर घ्या, अर्धा अर्धा तास घोट घोट करत बसू नका आणि संपला की साधं पाणी प्या. सिगारेट, तंबाखू, गुटखा चालू ठेवून व्हाइटनिंगवर पैसे घालवू नका. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे तरी खुर्चीत बसलेल्या माणसाचे दात बघून आम्हाला कळतंच. आणि घरातल्या मोठ्या बायका मशेरी लावत असतील तर ती तंबाखूच आहे, तिने दात काळे होतात हा त्यातला सगळ्यात लहान त्रास, त्यांची तोंडाची तपासणी करून घ्या.

कधी थांबून डॉक्टरकडे जायचं ते आता लक्ष देऊन वाचा. इकडे तिकडे फिरणारी, क्षणात थांबणारी कळ म्हणजे व्हाइटनिंगची. पण एकाच दातात सतत दुखत असेल, थंड पाणी गिळल्यावरही अर्धं मिनिट किंवा जास्त वेळ ठणकत राहत असेल, गरम चहाने दुखत असेल, चावताना दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, गालाला सूज असेल, तर ती व्हाइटनिंगची सेन्सिटिव्हिटी समजून पेस्ट चोळत बसू नका. तिथे कीड, तडा किंवा नसेची सूज असते आणि जेवढे दिवस काढाल तेवढी दात वाचवण्याची संधी कमी होत जाते. साधी शिवशिवसुद्धा सगळं बंद करून दोन आठवडे झाले तरी गेली नाही तर दाखवा.

रंग किती टिकतो हे सगळे विचारतात. कोणाचा सहा महिने, कोणाचा दोन वर्षं, चहा-सिगारेटवर आणि ब्रशिंगवर अवलंबून. म्हणूनच ट्रे फेकू नका. दिलेल्या डबीत, कोरडा करून, उन्हापासून आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासून लांब ठेवा, कुत्रे ते चावून टाकतात. रंग उतरल्यासारखा वाटला की आधी क्लीनिंग करून घ्या, त्यातच काम झालं तर उत्तम. नाहीतर जेलची एक नवीन सिरिंज आणा, तारीख बघून, आणि एक-दोन रात्री लावा, त्याच्या आधी दोन आठवडे तीच पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट. डॉक्टरना न विचारता दर महिन्याला मात्र लावू नका, आणि शेड गाइडवरच्या सगळ्यात पांढऱ्या दाताच्याही पुढे जायचा हट्ट धरू नका. मॅडम पेशंटच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाशी दात जुळवून बघतात, तेवढा आला की त्या जेल बंद करायला सांगतात.